थोरली, धाकटी आणि देवीचा लाल

केम,
४ ऑक्टोबर २०२३

आरोही बाळ,

सोलापुरात नीट पोचलीस न्हवं? तू गाडीत बसलीस आन हिकडं बायकांनी तुझ्या कॉम्प्युटरला कुंकू लावलं. मी म्हणलं, पडद्यावर नका, पोरगी वरडंल, कडंला लावा. तर कडंला लावलं, आन ती काळी नेटची पेटी, जिचा हिरवा दिवा मिणमिण करतो, तिलाबी लावलं. कुंकवाच्या कारखान्यात कुंकवाला काय तोटा.

फोन करू नको, कागदावरच लिव. चक्कीच्या आवाजानं माझं कान गेल्यात. फोनवर तू बोलतीस तवा मधमाशी गुणगुणल्यागत ऐकू येतं आन मी नुसती व्हय व्हय म्हणती. मागं तुझ्या बापानं पुण्यावरनं फोन केला, गाय इकू का? मी म्हणले व्हय. इकली त्यानं. कागदाचं तसं न्हाय. माझी शाळा दुसरीपतुर, पर कागद हळूहळू वाचता येतो आन मनासारखं न्हाय आलं तर परत वाचता येतो.

तुझं यंत्र मला लई आवडलं. रंगाचं माप, हळदीचं माप, किती घोटलं, कुणी घोटलं, समदं पडद्यावर. आन वरच्या कारखान्यात मालतीनं माप बदललं की हितं खालच्या कारखान्यात मला दिसतं. म्हंजे तिच्याशी न बोलता तिचं समदं कळतं. असलं यंत्र मला तरुणपणीच पायजे होतं. तुला ठावं हाय, तिच्या पोराच्या लग्नात तिनं मला तिसऱ्या पंगतीला बसवलं. बुंदी संपली होती. तवापास्नं मी तिच्याशी बोलत न्हाय आन तीबी बोलत न्हाय, पर मालक एकच, जोतीराम, आन दोन्ही कारखान्यांत रंग एकच, देवीचा लाल. नवरात्राला त्योच खपतो. आता पितरपाठ असून रात न्हाय दिवस न्हाय घोटणं चाललंय.

बरं, मुद्द्याचं राहिलं. तू रोडावलीस. म्हणलीस, आजी, निवड करायचीय, डोकं उठलंय. मला वाटलं नवऱ्याची. मग म्हणलीस लायब्ररीची. आन हृषीकेश सर असं म्हणत्यात, हृषीकेश सर तसं म्हणत्यात. लग्न झालंय का त्याचं? काय निवडायचंय ते मला समजंल असं लिव. मला काय कळतंय म्हणून सोडू नको.

तुझी आजी,
सोनाबाई


सोलापूर,
९ ऑक्टोबर २०२३

प्रिय आजी,

पत्र मिळालं. आधी हे, की सर म्हणजे माझे ऑफिसातले साहेब, त्यांना दोन मुलं आहेत आणि त्यांची बायको माझ्याशी फार चांगली वागते. तो विषय संपला.

आता तू विचारलंस ते. तुझ्या पडद्यावर 'देवीचा लाल' दिसतो, ते एक गाठोडं आहे असं समज. आत मापं, वेळ, कुणी घोटलं ते. आम्ही जावामध्ये लिहितो, तिथं या गाठोड्याला ऑब्जेक्ट म्हणतात. कॉम्प्युटर बंद झाला की गाठोडं विरघळून जातं. म्हणून ते इथं सोलापूरला आमच्या सर्व्हरवर जपून ठेवायचं, आणि केमला कुणी मागितलं की जसंच्या तसं द्यायचं. हे नेण्या-आणण्याचं काम कुणी मुळापासून लिहीत बसत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं तयार मिळतं, त्याला लायब्ररी म्हणतात. तशा पुष्कळ आहेत. मी चाळत चाळत दोनवर आले आहे. नावं इंग्रजी आहेत, आपण थोरली आणि धाकटी म्हणू.

थोरली नावाजलेली. दोन ओळी लिहिल्या की काम झालं. तुझ्या पडद्यावरचं गाठोडं ती इथल्या गाठोड्याला जणू दोरीनं बांधते. दोरी ताठ आहे तोवर सगळं सुंदर. पण दोरी तुटली आणि पुन्हा जुळली, की तिच्याजवळ जे असेल ते सगळं इथं पाठवून देते. मधल्या वेळात दुसऱ्या कुणी काही बदललं का, ते बघत नाही. शिवाय तिच्याकडं एक गाठोडं मागितलं तर त्याला जोडलेली दहा घेऊन येते.

धाकटी फारशी कुणाला माहीत नाही आणि तिच्यासाठी मला खूप जास्त लिहावं लागेल. ती तुझ्याकडंच एक प्रत ठेवते, नेट नसलं तरी तुझं काम चालतं. प्रत्येक गाठोड्यावर ती आकडा घालते. नेट आल्यावर पाठवायला गेली आणि आकडा जुळला नाही, तर थांबते आणि विचारते: दोन निघाले, कोणता खरा?

थोरलीलाही आकडे बघायला शिकवता येतं. पण मग ते दोन ओळींत होत नाही, आणि सरांना दोन ओळीच आवडल्या आहेत. म्हणून नवरात्रात तुमच्याकडं थोरलीच चालेल. दिवाळीनंतर मी अहवाल द्यायचा आणि एक कायमची ठरवायची. माझं हे पहिलंच असं काम आहे गं, जिथं माझं नाव खाली येणार.

मालतीबाईंशी बोल एकदा.

तुझी,
आरोही


केम,
२७ ऑक्टोबर २०२३

आरोही बाळ,

दसरा झाला, आता जरा बूड टेकलं. तुझं पत्र तीनदा वाचलं आन गाठोडं कळलं. थोरली तर मला चांगलीच कळली. ती मालतीसारखी. तिला गुळाचा भाव इचारला की ती माहेरच्या ऊसापास्नं सुरू करती. दहा गाठोडी घिऊन येती म्हणलीस तवा माझ्या डोळ्यापुढं तीच आली.

खंडेनवमी लई झोकात झाली. तुझ्या यंत्राची पयली खंडेनवमी. सकाळी पूजेची गडबड उडाली. चक्की धुतली, फावडी धुतली, चाळण्या मांडल्या. झेंडूची माळ कॉम्प्युटरला, एक बारकी माळ पेटीला. खंडेनवमीला अवजाराला राबवायचं न्हाय, त्याचं अंग मोकळं होऊ द्यायचं. चक्कीचा खटका पाडला. मग ह्या पेटीचा दिवा तेवढा मिणमिण करत होता. आमच्यातली चाळणीवरची शिवम्मा म्हणली, ही काय इसावा घेत न्हाय. तर मी पडद्यावर माझं नाव घातलं, देवीचा लाल सोनाबाईनं घोटला म्हणून, आन लगीच तिचाबी प्लग काढला. दिवा इझला. मला वाटलं पेटीनंच सुस्कारा टाकला. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर लावला परत.

आता एक गंमत सांगती. मालतीच्या कारखान्यात दसऱ्याचा घाणा बिघडला. देवीचा लाल विटकरी निघाला. तुळजापूरच्या व्यापाऱ्यानं पोती परत धाडली. ती म्हणती, हळद ओली होती म्हणून मी नवमीच्या सकाळीच माप वाढवून ठिवलं होतं, दसऱ्याच्या राती पोरींनी पडद्यावर बघून घाणा लावला. जोतीराम म्हणतो, पडद्यावर जुनंच माप हाय. पडदा खोटं बोलत न्हाय मालतीबाई, तुमचा हात गेला आता, चार दिवस घरी बसा. मी कुणाचं वाईट चिंतत न्हाय हे तुला ठावं हाय. पर त्या दिवशी मला भाकरी जरा गोड लागली.

अंगाला तिळाचं तेल लाव. चाहूल लागलीय का गं सोलापुरात थंडीची?

तुझी आजी,
सोनाबाई


सोलापूर,
३१ ऑक्टोबर २०२३

प्रिय आजी,

भाकरी गोड लागली असेल तर आता पाणी पी, कारण मी सांगते ते तिखट आहे.

मालतीबाई खरं बोलतात. मी सर्व्हरवरच्या नोंदी उघडून पाहिल्या. नवमीच्या सकाळी वरच्या कारखान्यातून हळदीचं माप बदललं गेलं होतं. त्याच सकाळी खालच्या कारखान्यातून कुणीतरी 'कुणी घोटलं' तिथं नाव घातलं, आणि ते इथं पोचायच्या आत तुमचं नेट गेलं. दसऱ्याला नेट आलं, तेव्हा थोरलीनं नुसतं नाव नाही पाठवलं, आख्खं गाठोडं पाठवलं, जुन्या मापासकट. मालतीबाईंचं नवं माप त्याखाली गेलं. कुणाला कळलं नाही, कुणी विचारलं नाही.

मी सरांना हे दाखवलं. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्या डोक्यावर तीन कामं आहेत. ते म्हणाले, नेट बंद कुणी केलं? मी म्हटलं, चौकशी करते. ते म्हणाले, चौकशी काय करायची, प्लग काढला असणार. अहवालात 'वापरणाऱ्याची चूक' असं लिही, पेटीवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी लाव, आणि थोरली कायम कर.

मी धाकटीचं बोलले. ती अशा वेळी विचारेल म्हटलं. तर म्हणाले, "आरोही, त्या बायकांना प्रश्न विचारून गोंधळात टाकू नकोस. त्यांना काय कळणार कोणता खरा? सॉफ्टवेअरनं ठरवावं आणि पुढं जावं."

मी अजून काही लिहिलेलं नाही. दिवाळीपर्यंत धाकटी चालवून बघायची परवानगी मात्र मिळवली. उद्यापासून तुमच्याकडं तीच असेल.

आजी, प्लग कुणी काढला हे मी सरांना सांगितलेलं नाही, आणि तूही कुणाला सांगू नकोस. माझी आजी आहे म्हटल्यावर ते सगळंच हसण्यावारी नेतील.

तुझी,
आरोही


केम,
४ नोव्हेंबर २०२३

आरोही,

सांगितलं. चौघांत सांगितलं.

तुझं पत्र वाचलं, पदर खोचला आन वरच्या कारखान्यात गेले. जोतीराम हिशेब घालत बसला होता. मी म्हणलं, पडदा खोटं बोलला. खंडेनवमीला पेटीचा प्लग मी काढला, आन पुढच्या खंडेनवमीलाबी काढणार. मालतीचं माप तुझ्या यंत्रानं गिळलंय. तिला कामावर बोलव.

त्यो म्हणला, सोनाबाई, तुमचं तर तिच्याशी वाकडं हाय.

मी म्हणलं, वाकडं हायच. बुंदीचं वाकडं हाय, हळदीचं न्हाय.

मग मालतीच्या घरी गेले. ती जोंधळं निवडत होती. इतक्या वर्सांनी मला दारात बघून म्हणली, "कुणी मेलं का?" मी म्हणलं, "न्हाय. तुझा हात गेलेला न्हाय, एवढंच सांगायला आले." तर म्हणली, "ते मला ठावं हाय. बस." च्या दिला. साखर कमी होती, पर प्याले.

आता तुझ्या सरांचं. 'वापरणाऱ्याची चूक' असं तू लिवायचं न्हाय, सांगून ठिवती. पोळ्याला बैल जुपत्यात का? जुपला न्हाय म्हणून गाडी बिघडली, तर ती बैलाची चूक का? थोरलीला अवजाराचा एक दिवसाचा इसावा सोसत न्हाय, मग ती केमात नांदायची न्हाय. तिला असल्या गावी दे जितं खंडेनवमी येत न्हाय.

आन बायकांना इचारू नको म्हणत्यात, हे मला फार लागलं बघ. मी पत्र खाली ठिवलं आन पाणी प्याले. बाळे, मला जन्मात कुणी काय इचारलं? शाळा सोडवली तवा न्हाय, लगीन लावलं तवा न्हाय. कारखान्यात आले तवा सासूनं पाठवलं. गाईचं तेवढं इचारलं आन ते ऐकू आलं न्हाय. आता एक यंत्र निघालंय जे थांबतंय आन म्हणतंय, बाई, कोणता खरा, तू सांग. आन तुझं सर म्हणत्यात, नको इचारू, गोंधळंल. गोंधळू दे की. घटकाभर गोंधळीन आन मग सांगीन.

धाकटी चालू झाली. अजून तिनं काय इचारलं न्हाय. मी वाट बघत बसलीय.

आजी


सोलापूर,
१० नोव्हेंबर २०२३

प्रिय आजी,

घाईत लिहिते. जोतीरामकाकांचा सरांना फोन आला होता. मंगळवारी नेट गेलं, दोन्ही कारखान्यांत 'देवीचा लाल' बदलला गेला, नेट आल्यावर धाकटीनं प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून तू आणि मालतीबाई भांडताय. दोघीही उत्तर देत नाही. तो रंग अडकून पडलाय आणि दिवाळी तोंडावर आहे. सर मला म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? प्रश्न विचारला की भांडण."

आजी, माझं एवढं ऐक. मालतीबाईंचा खरा असं दाबून टाक. काय बिघडतं? रंग मोकळा होईल, भांडण मिटेल आणि मला धाकटीची बाजू मांडता येईल. सोमवारनंतर अहवाल द्यायचा आहे. नाहीतर माझी सगळी मेहनत या भांडणात जाईल गं.

तुझी,
आरोही


केम,
१४ नोव्हेंबर २०२३, पाडवा

आरोही बाळ,

तुझं पत्र लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मिळालं. मी त्यातलं ऐकलं न्हाय. काय बिघडतं म्हणतीस? मंग तुझं सर आन तू येकच झालात की. उत्तर कायबी चालत असंल तर प्रश्न कशाला इचारायचा. तिचा खरा असंल तर म्हणीन. भिऊन म्हणणार न्हाय.

तर काय झालं ते सांगती. मालती खाली आली, आमच्याच शिवम्माला बरूबर घिऊन, साक्षीला. आमच्या पडद्यापुढं दोघी उभ्या. मी म्हणलं, तुझा गडद होतो. ती म्हणली, तुझा फिका पडतो, लग्नाच्या वराडात लावला तर वराड आजारी दिसंल. मी म्हणलं, तुझ्या पोराच्या वराडात बुंदी न्हवती, रंगाचं काय घिऊन बसलीस. शिवम्मा हसली. मग मालतीबी हसली, मेली. तिला हसताना मी इसरूनच गेले होते.

मग ती म्हणली, तोंडानं कशाला, बघू की. दोन्ही मापांचा मूठभर घाणा काढला, वाटीत. रंग हातावर बघत्यात आमच्यात, पर आमचं हात तर बारा महिने लाल, हातावर काय दिसायचं. मालतीनं तिचा रंग तिच्या कपाळाला लावला. माझी वाटी हातात घेतली आन म्हणली, "दोन रंग, दोन कपाळं. बस खाली."

मी म्हणलं, मालते, माझं कपाळ.

ती म्हणली, "मला ठावं हाय कुणाचं कपाळ हाय. बस."

तुझा आजा गेल्यापास्नं न्हाय लागलं कुंकू, आरोही. इतकी वर्सं ह्याच कारखान्यात, पोत्यांनी घोटलं. मी खाली बसले. तिनं अंगठ्यानं लावलं, चांगलं ठसठशीत. मग दोघी दारात उन्हात उभ्या राहिलो आन शिवम्मानं आमच्याकडं असं बघितलं, तसं बघितलं, एकदा मान वाकडी करून बघितलं. म्हणली, "मालतीबाईंचा बराय. सोनाबाई, तुमचा खरंच फिका हाय."

मीबी आरशात बघितलं. फिका होता. हळद अजून ओलीच होती, मी माप कमी केलं ते चुकलं. मग मी माझ्या बोटानं मालतीचा खरा असं दाबलं. दाबल्याबरूबर प्रश्न गेला आन दोन्ही कारखान्यांत येकच माप दिसलं. मालती म्हणली, "तू दाबलंस व्हय?" मी म्हणलं, "इचारलं म्हणून दाबलं."

आन फिका म्हणून मी काय ते पुसलं न्हाय. घरी गेले तशीच. तुझी आई म्हणली, आत्याबाई, लोक काय म्हणतील. मी म्हणलं, पुसताना मला कुणी इचारलं होतं का? त्या दिवशी कुणी न्हाय इचारलं, मग आज लोकांनी का इचारावं. तिनं वाती वळायला घेतल्या. रात्री दिवं लावताना तीच म्हणली, चांगलं दिसतंय.

भांडण झालं ते झालं. तुझ्या सरांना सांग, भांडलो म्हणून खरा निघाला. थोरली असती तर माझा फिका गेला असता आन आमी दोघी चिडीचूप बसलो असतो.

अहवालात काय लिवायचं ते तू ठरव. पर भिऊन लिवू नको.

आजी


सोलापूर,
१८ नोव्हेंबर २०२३

प्रिय आजी,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. मग वर गेले आणि अहवाल लिहिला. 'वापरणाऱ्याची चूक' कुठंही लिहिली नाही. नेट जाणं, प्लग निघणं, सण असणं, दोघींनी एकाच वेळी एक गोष्ट बदलणं, हे केमचं नेहमीचं जगणं आहे, आणि जी लायब्ररी ते जगणं सोसत नाही ती इथं निवडू नये, असं लिहिलं. निवड: धाकटी. खाली माझं नाव.

सरांनी वाचलं. म्हणाले, हे मान्य नाही, नाव काढ आणि बदल. मी म्हटलं, बदलायचं असेल तर तुमच्या नावानं बदला. आयुष्यात पहिल्यांदा मी सरांशी असं बोलले. त्यांनी अहवाल पुन्हा पहिल्या पानापासून चाळला. मग म्हणाले, गुरुवारी मी स्वतः केमला जातो, तू यायचं नाही.

तेव्हा ते येतील. मी नसेन. मला या कामावरून काढलं तरी चालेल, पण तू त्यांच्याशी नीट बोल. नीट म्हणजे तुझ्या पद्धतीनं नाही, नीट.

तुझी,
आरोही


केम,
२४ नोव्हेंबर २०२३

आरोही बाळ,

नीटच बोलले. तुझा सर आला, चांगला पोरगा हाय, रोडका. त्याला पिठलं-भाकरी वाढली, दोनदा घेतलं. बायको डब्यात काय देती कुणास ठाऊक.

त्यानं पडद्यावर थोरली लावून दाखवली. म्हणला, बघा, किती झटपट, काही विचारत नाही. आमी समद्या बघत होतो. झटपट होती, खोटं कशाला बोलू. मग त्यो म्हणला, "आजी, प्रश्न आला की काम थांबतं. तुम्हाला त्रास नको म्हणून सांगतो."

मी म्हणलं, "साहेब, त्रास आमाला द्या. आमी तेवढ्यासाठीच बसलोय हितं."

तवर मालती पुढं झाली. तिला मी आधी काय शिकवलं न्हवतं, तुझी शपथ. ती म्हणली, "साहेब, मला घरी बसवलं होतं. तुमच्या थोरलीनं माझं माप खाल्लं आन तोंड पुसून बसली. धाकटी खोडकर असंल, पर तोंडावर इचारती. आमी धाकटीशीच काम करणार. थोरली ठिवायची असंल तर ठिवा, आमी पाटीवर खडूनं मापं लिवू."

सगळ्या बायका व्हय म्हणल्या. शिवम्मा कानडीत काय तर म्हणली, ते सरांना कळलं न्हाय, मला कळलं, ते मी लिवत न्हाय. जोतीराम म्हणला, "साहेब, वापरणार ह्या. ह्यांनी खडू हातात घेतला तर माझं काय ऐकणार न्हाईत."

तुझ्या सरानं पडद्यावरची थोरली बंद केली. मग मला इचारलं, "प्लग तुम्हीच काढला होता ना?" मी म्हणलं, व्हय. "आरोहीनं मला सांगितलं नाही." मी म्हणलं, माझी नात हाय, चुगली कशी करंल. तवा कुटं त्यो हसला.

म्हणला, ठीकाय, धाकटी. पर तिचं सगळं लिवणं आरोहीनंच करायचं, संक्रांतीच्या आत, कारण संक्रांतीला हळदी-कुंकवाचा माल निघतो. चुकलं तर जबाबदारी तिची. कबूल का?

मी तुझ्या वतीनं कबूल म्हणले. तुला इचारलं न्हाय. रागवायचं तर रागव, पर कागदावर रागव.

हे मी कारखान्यातनंच लिवतीय. सकाळी नेट गेलं होतं, आत्ता आलं, आन पडद्यावर प्रश्न आलाय: दोन निघाले, कोणता खरा? एक माझा हाय, एक मालतीचा. मालती आज जेऊरला लेकीकडं गेलीय, उद्या येणार. जोतीराम दोनदा येऊन म्हणला, दाबा की काय तर, सोनाबाई. मी म्हणलं, तवर शेंदरी रंग घोटा. ती आल्यावर बघू.

प्रश्न तसाच हाय पडद्यावर. मी त्याच्यापुढं बसून तुला लिवतीय. यंत्र थांबलंय.

आजी